कोरड्या घरातलं पाणी

साठच्या दशकात मी मुंबईच्या एका इस्पितळात यकृताच्या रोग्यांची झोप तपासत होतो. यकृत पार थकलं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत पोचतं, आणि बेशुद्धी येण्याच्या बऱ्याच आधी माणसाची झोप उलटते. दिवसभर ग्लानी, दिवे लागले की टक्क जाग. असं का होतं, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सोबतचे डॉक्टर म्हणायचे, "हा यकृताला घड्याळ बांधायला निघालाय." मी चिडायचो, पण काम सोडत नव्हतो. हा रोग आपल्याच ओटीवर येऊन बसेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

आमचं घर मुंबईसमोर, खाडीपलीकडे मोऱ्याला, लाँचच्या धक्क्याजवळ. खाडीच्या या बाजूला तेव्हा नवी मुंबई नव्हती. मिठागरं, भातखाचरं आणि आमचे कोळीवाडे, बस्स. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. हातभट्टीनं त्यांना दर्यावरून घरी बसवलं होतं. "तुजा बा बरा हाय, अजून भरतीला उठतो," असा धाकट्या काकांचा निरोप आला, म्हणून खुशीत सुट्टी काढून मी गावी गेलो.

पोचलो तेव्हा ते झोपले होते. दिवेलागणीला उठले आणि म्हणाले, "पानी आयलंय." धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते घरभर चालू लागले. एकेक पाऊल उचलून, जपून, पाण्यातून चालावं तसे. जमीन ठणठणीत कोरडी होती. बाहेर ओहोटी, लांबवर नुसता चिखल. आईनं सुक्या बोंबलांनी भरलेलं सूप उचलून फळीवर ठेवलं, लुगडं वर खोचलं आणि तीही त्यांच्यामागून पाय उचलत निघाली. काकाही. कुणी हसलं नाही. असे रोगी मी पाहिले होते, त्यामुळे वडिलांचं नवल वाटलं नाही. पण त्या दोन शहाण्या माणसांकडे बघून माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"पान्याचं तांडेल बोलला की बोलला," काका नंतर म्हणाले. "त्याला खोरायचा नाय. खोरला तं होरी बुरते." दर्यात तांडेलाचा शब्द खोडला तर होडी बुडते, हा त्यांचा कायदा.

खरी भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते. वडिलांची सरकत नव्हती. रोज दिव्याबरोबर घरात पाणी यायचं, मग बाहेर काही का असेना. मी काकांना समजावलं, की ही भरती नव्हे, झोप उलटलीय. ते म्हणाले, "तू डागदर हायस. पान्यातला तुला काय कलतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी वडिलांना हात पुढे धरायला सांगितले. पंजे आपोआप खाली पडत आणि पुन्हा वर येत होते. काकांना आनंद झाला. "बघ, जालं वरतोय!" भाऊ जाळं ओढतोय, असं त्यांना वाटलं. मला मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. बेशुद्धी उंबऱ्याशी आली होती. मुंबईला नेलं नाही तर बाप हातचा जाणार होता, एवढं मी काकांना कसंबसं पटवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भरती होती. मुंबईची लाँच धक्क्याला लागून भोंगा देत होती. काकांनी शेजाऱ्यांना बोलावून खाट उचलायची तयारी केली. मी वडिलांना हलवून जागं केलं. त्यांनी महत्प्रयासानं डोळे उघडले. "सुकती हाय," ते म्हणाले, म्हणजे ओहोटी. "होरी चिखलात रुतंल."

सगळ्यांनी खाट सोडून दिली.

"अहो, बघा तरी!" मी ओरडलो. दारातून पाणी दिसत होतं, उन्हात लखलखत होतं, दगडी गडग्यावर आपटत होतं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. त्या लख्ख दुपारी मला क्षणभर वाटलं, पाणी फक्त मलाच दिसतंय. मी खरंच घाबरलो.

तेवढ्यात चुलीपासून आई उठून आली. जन्मात तिनं त्यांचा शब्द मोडला नव्हता.

"पानी भरलंय," ती म्हणाली. "उठा. मी सांगतंय."

काका दोन पावलं मागे सरले. वडिलांनी पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खलाशानं द्यावा तसा त्यांनी हुंकार दिला, "व्हय, तांडेल." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या पायांनी उठले.

त्या खेपेला ते वाचले. औषधांनी पोट साफ झालं, विष वाढवणारी मासळी बंद झाली, झोप पुष्कळशी मार्गी लागली. घरातलं पाणी ओसरलं. माझा जीव भांड्यात पडला. पण घरी परतल्यावर ते पाण्याबद्दल स्वतःहून काही सांगेनात; तो अधिकार त्या दुपारी आईकडे गेला होता. ओटीवर बसत, समोर अख्खा दर्या, आणि आईला विचारत, "भरती कवा गो?"

आई ओटीवरून उठे. डोळ्यांना पदर लावून ती आत जाई. आणि ते, ती काय सांगते याची वाट बघत, पाण्याकडे तोंड करून तसेच बसून राहत.