बंद फ्लॅटमधली झाडं

नोकरीत मी बरीच बंद दारं तोडली. त्यातलं बदलापूरचं एक दार अजून माझ्या झोपेत येतं. निवृत्तीला आता काही वर्षं झाली, तरी त्या दिवसाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा एकेक तास मी सांगू शकतो.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळच्या हजेरीनंतर ठाण्यात एक बाई आल्या. साठीच्या, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, घरात एकट्या राहणाऱ्या. तक्रार छताच्या गळतीची होती. वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपतं, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो फ्लॅट बंद आहे, मालक परगावी असतो. ठाणे अंमलदाराने त्यांना नेहमीचं उत्तर दिलं, हे पोलिसांचं काम नाही, सोसायटीकडे अर्ज करा. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, वरच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि आत माणूस खोकतो. मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत. तो खोकला साधा नाही."

मी त्यांना बसवलं. मग बाकीचं निघालं. दिवसरात्र पंख्यांची घरघर, जिन्यात उग्र हिरवट वास, खिडक्यांना आतून लावलेला चंदेरी कागद. एक माणूस दोन दिवसांआड मोटारसायकलवरून येतो, पिशवी आत देतो आणि कुलूप लावून जातो. त्याने एकदा जिन्यात बाईंना थांबवून, वर काय ऐकू येतं का, असं हसत विचारलं होतं. तेव्हापासून त्या दाराला आतून खुर्ची लावून झोपत होत्या. सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विनंती केली, माझं नाव कुठे येऊ देऊ नका.

वासाच्या वर्णनावरून मला गांजाचा संशय आला. माहिती लेखी नोंदवून वरिष्ठांना पाठवली, बाईंच्या नावाच्या जागी 'गुप्त बातमीदार' लिहिलं. दोन पंच घेतले, वजनकाटा, सीलचं साहित्य, फोटोग्राफर, एक महिला हवालदार, असे आम्ही अकराच्या सुमारास इमारतीत पोहोचलो.

कुलूप तोडलं आणि दार ढकललं. आतून गरम, दमट हवा अंगावर आली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड. फरशीवर पाणी साचलेलं आणि त्याच पाण्यातून वायरी गेलेल्या, एक्स्टेन्शन बोर्ड विटांवर ठेवलेले. मी पाऊल टाकणार तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"सायेब, पाण्यात पाय नका देऊ. करंट उतरतो."

मी जागच्या जागी थिजलो. भिंतीला टेकून पन्नाशीचा एक हडकुळा माणूस बसला होता. त्याने उठून मेन स्विच बंद केला, तेव्हा आम्ही आत गेलो. त्याने आवाज दिला नसता तर त्या दिवशी माझ्या घरी वेगळाच निरोप गेला असता.

झाडं बादल्यांत लावलेली होती. गांजाचं झाड मी आधी पाहिलं होतं, डोंगरातल्या शेतात, पुरुषभर उंच. ही कमरेच्या वर गेलेली नव्हती. प्रत्येक खोड हळूहळू वाकवून आडवं केलेलं, फांद्या चहूबाजूंना पसरून जुन्या साडीच्या मऊ चिंध्यांनी बादलीच्या कडेला बांधलेल्या. एकही फांदी काचलेली नव्हती. कुणीतरी जीव लावून केलेलं काम होतं. आमच्या शिपायाने पहिलं झाड उपटायला हात घातला तेव्हा तो माणूस सवयीने पुटपुटला, हळू, फांदी मोडंल.

पंचनामा सुरू झाला. झाडं मोजणं, वजन, नमुने, सील, याला तास न् तास लागतात. तोवर मी त्याला स्वयंपाकघरात बसवून विचारपूस करू लागलो. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा माणूस. आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं, मोगरा आणि गुलाब. झाड उंच गेलं तर सगळा जोर शेंड्याला जातो, वाकवून बांधलं की प्रत्येक फांदीला उजेड मिळतो, हे त्याने न विचारता सांगितलं. पण माल कुणाचा, तुला कोणी ठेवलं, असं विचारलं की एकच उत्तर.

"सगळं माझंच हाय, सायेब. दुसरा कोण नाय."

ज्याला बाहेरून कोंडलंय तो म्हणतो सगळं माझं. मी चिडलो. आवाज चढवला, कायद्यातली शिक्षा सांगितली, आणि खरं लिहायचं तर एकदा हातही उगारला. तो मागे सरला नाही. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ओट्यावर इतर मुद्देमालाबरोबर त्याचा मोबाइल ठेवला होता आणि तो सारखा तिकडे बघत होता. मारापेक्षा तो त्या फोनला जास्त भीत होता. हे मला दिसायला दुपारचे तीन वाजले.

मी फोन उचलून त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, यात काय आहे? त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सव्वातीनला फोन वाजला तेव्हा तो माझ्या पायाशी बसला.

"उचला, सायेब. नाय उचलला तर माझ्या पोरीला नेतील."

मी पहिल्यांदाच त्याला अहोजाहो केलं. शांत राहा, नेहमीसारखं बोला, असं सांगून फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडचा माणूस हिंदीत झाडांचा फोटो मागत होता. रोज मागायचा. हो म्हणून त्याने फोन ठेवला आणि मग सगळं सांगितलं. औषधी वनस्पतींचं काम आहे असं सांगून त्याला आणलं होतं. झाडं ओळखल्यावर तो जायला निघाला, त्या दिवशी त्याला मुलीचा फोटो आला. मुलगी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला होती आणि मोरिवलीत मावशीकडे राहत होती. त्यानंतर रोज त्याने झाडांचा फोटो पाठवायचा आणि त्यांनी मुलीचा. कामावरून सुटताना, रस्ता ओलांडताना, दुकानात उभी असताना. फोनमध्ये मी ते फोटो पाहिले. मलाही त्याच वयाची मुलगी होती.

मुलीची पाळी चारला सुटत होती. अंबरनाथ ठाण्याला फोन केला, पण त्यांची गाडी दुसरीकडे होती. महिला हवालदाराला साध्या कपड्यांतल्या दोन शिपायांबरोबर लगेच रवाना केलं. त्यांना पोहोचायला अर्धा तास लागणार होता. तोवर पलीकडच्या माणसाला संशय येता कामा नये, म्हणजे फोटो जायला हवा होता. आणि अर्ध्याहून जास्त झाडं आम्ही उपटून बांधून ठेवली होती.

वरिष्ठांची फोनवर परवानगी घेतली. खिडकीजवळची एक ओळ शिल्लक होती, तीही आमच्या वावरण्याने विस्कटलेली, एक खोड चिरलेलं. त्या माणसाला मी आत नेलं. तोवर त्याचे हात इतके कापत होते की त्याला पाण्याचा पेला धरता येत नव्हता. फांदीला हात लागताच ते स्थिर झाले. चिरलेल्या खोडाला त्याने चिंधी गुंडाळली, फांद्या एकेक करून खाली घेतल्या, बांधल्या, पानं सारखी केली. त्याला घाई करा म्हणण्याची माझी छाती झाली नाही. दिवे लावले. फोटो गेला.

उत्तरादाखल कारखान्याच्या फाटकाचा फोटो आला. फाटकात कुणी नव्हतं. मुलगी अजून आत होती आणि फोटो काढणारा बाहेर उभा होता.

पुढची वीस मिनिटं मी आळीपाळीने घड्याळ आणि फोन बघत होतो. पंच हातातलं काम सोडून बसले होते. तो माणूस डोळे मिटून मुलीचं नाव घेत होता. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं. हवालदारीणबाईंचा फोन आला तो मी पहिल्याच रिंगला उचलला. पाळी सुटायच्या आत त्यांनी मुलीला सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये बसवलं होतं, आणि फाटकासमोरच्या मोटारसायकलवाल्याला धरलं होतं. त्याच्या खिशात आम्ही तोडलेल्या कुलपाची किल्ली निघाली. तो उल्हासनगरचा. त्याच्या जबाबावरून संध्याकाळी सातच्या आत मुख्य आरोपी बदलापूर पश्चिमेत, स्वतःच्या खतांच्या दुकानात सापडला.

त्या माणसाला मात्र मला अटक करावीच लागली. लागवड त्याच्या हातची होती. कोठडीत मुलगी भेटायला आली तेव्हा तो नुसता खोकत राहिला. तपासणीत क्षयरोग निघाला. खबर देणाऱ्या बाईंचं नाव शेवटपर्यंत कुठल्याही कागदावर आलं नाही. तरीही त्या घर विकून मुलाकडे पुण्याला गेल्या.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. सगळा गुन्हा एकटा अंगावर घेणाऱ्या माणसाला आधी विचारावं, तू कुणाला भितोस? मी ते चार तास उशिरा विचारलं. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. त्या संध्याकाळी मुलीने मला सांगितलं होतं की दोन आठवडे तिला कुणीतरी मागावर असल्यासारखं वाटत होतं, ती रस्ते बदलून घरी जायची, मावशीला बोलली तर मावशी हसली. मला ते भावनेचं बोलणं वाटलं. जबाबात मी फक्त त्या दिवसाची वेळ, ठिकाण आणि फाटकासमोरच्या मोटारसायकलचं वर्णन घेतलं. पुढे न्यायालयात मुख्य आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच पकडलं. मुलीला कुणी धमकावलं नाही, तिला काही माहीतही नव्हतं, मग बापावर दबाव कसला? तो राजीखुशीने काम करत होता, असं त्या वकिलाचं म्हणणं.

शेवटी फोनमधल्या फोटोंवरून न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष सोडलं. पण तोपर्यंत जामीन दोनदा फेटाळला गेला होता आणि त्याने सव्वा वर्ष तुरुंगात काढलं होतं. मुलीचा जबाब दीड पानाचा आहे. ती घाबरली होती हे वाक्य त्यात नाही. ती बोलली होती, मी लिहिलं नव्हतं.