फुटबॉल खात्यातली बदली

टेम्पोच्या हौद्यात गाद्यांच्या वळकट्यांवर मी बसले आहे, मांडीवर लोणच्याची बरणी घट्ट धरलेली, तिच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यातून खाराचा वास येतो आहे आणि त्यात स्टोव्हमधून झिरपलेलं रॉकेल, गोणपाट, डिझेल असं सगळं मिसळून एक निराळाच दर्प तयार झाला आहे... पायाशी पाटा-वरवंटा, लोखंडी पेटी, तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. आणि मागच्या फाळक्याला टेकून, सुटत चाललेल्या गावाकडे तोंड करून बसलेला माझा थोरला भाऊ, भैय्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मे महिन्यातली उघडी, तापलेली काळी रानं. गाव दिसेनासं झालं की मगच तो वळून आमच्याकडे बघतो.

लहानपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं. घर दिसत नाही, कारण आमचं असं एक घर नव्हतंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि बीड जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या बदल्या होत. उन्हाळ्याच्या सुट्टीत हुकूम यायचा. अण्णा तो कागद देवापुढे ठेवायचे आणि आई भांड्यांच्या पोत्यासाठी सुतळी शोधायला लागायची. सामान भरून झालं की ती रिकामं घर पुन्हा एकदा स्वच्छ झाडून काढी. आता कुणासाठी झाडतेस, असं विचारलं तर म्हणायची, "आपल्या मागं कुणी नाव ठेवू न्हाई म्हणून."

गावं माझ्या आठवणीत वासांनी राहिली आहेत. घाटनांदूर म्हणजे पहाटे हरभऱ्याच्या पानांवर साचलेली आंबट आंब, ती फडक्यात टिपून घरी आणतानाची ओल, आणि लांबून येणारी रेल्वेची शिट्टी. माजलगावकडचं गाव म्हणजे हिवाळ्यात साखर कारखाने सुरू झाले की हवेत भरून राहिलेला मळीचा जड, गोडूस, थोडा नासका वास, जो शाळेच्या गणवेशालाही चिकटायचा. मी कुठेही सहज रुळायची. मैत्रिणी जमवणं हे मुलींना सोपं असतं की मीच निर्लज्ज होते कोण जाणे! भैय्याचं तसं नव्हतं. तो प्रत्येक गावात नवा असायचा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवाच राहायचा. नव्या वर्गात तो मागच्या बाकावर बसून नुसता बघत असे... कोण कुणाचा दोस्त, कोण कुणाला भितो, कोण आधी हात उगारतो आणि कोण नुसतीच बडबड करतो. आठ दिवसांत त्याला अख्खा वर्ग पाठ झालेला असायचा, पण वर्गातल्या कुणाला त्याचं नाव धड ठाऊक नसायचं.

माजलगावकडच्या त्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे बशीर मिस्त्री होते. तरुणपणी ते हैदराबादेत कामाला होते आणि तिथून फुटबॉलचं वेड घेऊन आले होते. संध्याकाळी हाताचं ऑइल मातीने घासून काढायचे आणि ईदगाहजवळच्या मोकळ्या रानात पोरांना जमवायचे. भैय्या पहिल्यांदा गेला तेव्हा मीही त्याच्या मागे मागे गेले होते. मिस्त्रींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नवा हाय का बे? मग मागं थांब. पुढं लई गर्दी हाय."

पुढे गर्दी होती हे खरंच. गोल सगळ्यांनाच करायचा असतो, मागे उभं राहायला कुणालाच नको असतं. भैय्या मागे थांबला, आणि त्या संध्याकाळी घरी येताना त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला होता. मळीच्या वासाच्या अंधारात चालता चालता म्हणाला, "सुमे, मागून समदं दिसतंय. कोण कुठं पळणार, ते त्याच्या आधी मला कळतंय." नव्या पोराला आजवर जे करावं लागत होतं, तेच करायला आता त्याला एक मैदान मिळालं होतं. वर्षभराने मिस्त्री आमच्या दारात आले आणि चहाचा कप हातात धरून अण्णांना म्हणाले, "गुरुजी, ह्याला पुण्याला पाठवा. इथं ठिवून पोराचं नुकसान करू नका." क्रीडा वसतिगृहात त्याची निवड झाली. तो गेला तेव्हा मी तिसरीत होते, आणि त्यानंतरच्या मेमध्ये टेम्पोचा फाळका मोकळा होता.

पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला, बचावपटू. पहिला करार गोव्यातल्या क्लबचा, मग कोलकाता, मग शिलाँग. एका क्लबमध्ये एक हंगाम, फार तर दोन. हे आमच्या अण्णांना समजावून सांगणं अवघड होतं. बसथांब्यावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारायचंच, पोरगा सध्या कुठं असतो म्हणून. अण्णा गंभीरपणे सांगायचे, "गोव्याला हुता. आता बदली झाली, कलकत्त्याला."

"खातं कोणतं?"

"फुटबॉलचं."

समोरचाही मान डोलवायचा. बदली म्हटलं की आमच्याकडे कुणाला काही नवल वाटत नाही. मला तेव्हा हसू यायचं, पण रात्री जेवताना अण्णांचा हात ताटात थांबायचा आणि ते आईला म्हणायचे, "माझंच भोवलं त्याला. एका जागी रुजू दिलं न्हाई मी पोराला." एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. भैय्याने परत यावं, त्याचं एक गाव असावं, एक घर असावं, दारावर त्याच्या नावाची पाटी असावी. निवृत्तीच्या आधीच त्यांनी केजला जागा घेतली आणि घर बांधलं. वरच्या मजल्यावर, दोन्हीकडून वारं येणारी खोली भैय्याची. त्या खोलीला नव्या चुन्याचा वास कितीतरी वर्षं होता... राहतं माणूस नसलं की चुन्याचा वास लवकर जात नाही.

भैय्या शिलाँगला होता तेव्हा एक दिवस अण्णांनी ठेवणीतला पांढरा सदरा काढला आणि मला बरोबर घेऊन गावातल्या एका पुढाऱ्यांच्या बंगल्यावर गेले. ओसरीवर माणसंच माणसं. कुणाला विहीर हवी, कुणाला विजेची डीपी, कुणाला मुलीची नोकरी. सगळ्यांच्या चपलांचा ढीग आणि उकळून उकळून काळा झालेल्या चहाचा वास. आमची पाळी आली तसे अण्णा हात जोडून उभे राहिले. ज्यांनी स्वतःच्या बदलीसाठी उभ्या जन्मात कुणाचा उंबरा झिजवला नाही, ते माझे अण्णा.

"बोला गुरुजी. बदलीचं काम दिसतंय."

"माझी न्हाई साहेब, पोराची. तिकडं आसामच्या बी पल्याड टाकलंय त्याला. जवळ कुठं झाली तर... पुणं, न्हाईतर नगर तरी."

"खातं?"

"फुटबॉल."

ओसरीवर खसखस पिकली. पुढारी मात्र हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने आजही सांगते. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली आणि अदबीने म्हणाले, "गुरुजी, जिल्ह्यातल्या समद्या खात्यात माझी वळख हाय. पण ह्या खात्याचा साहेब कोण, तेच मला ठावं न्हाई बघा." आम्ही उठलो. तहसीलसमोर जीपवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते, त्या गोंगाटात अण्णा माझा हात धरून म्हणाले, "भैय्याला हे कळू देऊ नको बरं का." मला त्या ओसरीवरच्या एकेका माणसाचा इतका राग आला होता की घरापर्यंत मी रडतच आले.

मग पुढच्या हंगामात भैय्या केरळात, कोझिकोडला गेला आणि अण्णांनी ठरवलं, स्वतःच जाऊन त्याला घेऊन यायचं. समजावून सांगितलं की ऐकेल, असं आईला म्हणाले. आईचे गुडघे धरलेले, म्हणून अण्णा आणि मी निघालो. सोलापूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वे, सोबत धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. खिडकीबाहेरची काळी जमीन आधी तांबडी झाली, मग हिरवीच हिरवी झाली, आणि खोबरेल तेलाचा, ओल्या मातीचा, मासळीचा अनोळखी वास डब्यात शिरला.

संध्याकाळी सामना होता. अण्णांनी तोवर आपल्या मुलाला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. चेंडू पुढे गेला की सगळं मैदान तिकडे बघायचं, फक्त अण्णा मागे बघत होते, जिथे भैय्या जवळजवळ एकटा उभा होता. मला वाटलं होतं ते कंटाळतील. तो धावण्यापेक्षा बोलतच जास्त होता. हाताने कुणाला डावीकडे सरकवत होता, कुणाला थोपवत होता, कॉर्नर लागला की ओरडून एकेकाला जागा नेमून देत होता, अर्धी हिंदी, अर्धी तिथली भाषा, आणि एकदा तर घाईत चक्क "मागं बघ की बे!" असं आमच्या मराठीतून. त्या परक्या पोराने तेही ऐकलं आणि मागे बघितलं. अण्णा पुढच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि सामना संपेपर्यंत खाली बसले नाहीत.

रात्री भैय्याच्या खोलीवर आम्ही उरलेली धपाटी खाल्ली. अण्णांनी विचारलं, "करमतं का रे इथं?"

"करमतंय की."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता विषय काढतील, मग काढतील. त्यांनी तो काढलाच नाही. दोन दिवस राहिलो आणि परत निघालो. गाडीत बराच वेळ गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिथं त्याला कुणी नवा म्हणत न्हाई. समदे त्याचं ऐकतेत." आणि घरी पोचल्यावर आईला, पायही न धुता, दारातच सांगितलं, "आता कुणी त्याला ये म्हणायचं न्हाई."

त्यानंतर फोनवर अण्णांचं ठरलेलं बोलणं असे. इकडं समदं बरं हाय, तू तिकडंच रमून राहा, यायची घाई करू नको. त्यांची छाती दुखत होती तेव्हाही हेच. सणाला भैय्या आला की चौथ्या दिवशी विचारायचे, तिकीट काढलं का? आई आतल्या आत धुमसायची, भांडी आपटायची. भैय्या गुवाहाटी, इम्फाळ, दिल्ली, पुन्हा कोलकाता असा फिरत राहिला. शेवटी शेवटी पेपरात त्याचं नाव आलं तर "बदली खेळाडू" असं येई, आई चष्मा लावून ते वाचायची आणि विचारायची, "पुना बदली? आता कुठं?" अण्णांना तोवर त्या शब्दाचा अर्थ कळलेला होता. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि तिला काही सांगितलं नाही.

एका हिवाळ्यात अण्णा गेले. भैय्या दुसऱ्या दिवशी पोचला, तेरावा झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परत खेळायला गेला, कारण अण्णांकडून तो तसंच शिकला होता.

गेल्या वर्षी त्याचं खेळणं संपलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो केजला आला, कायमचा. मी माहेरी गेले होते, एप्रिलचं ऊन, गच्चीवर आईने कुरडया घातलेल्या, आणि त्यांच्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास. आम्ही दोघं सावलीला बसलो होतो. तो एकदम म्हणाला,

"सुमे, अण्णाला मी नको झालतो का गं?"

"कावून?"

"एकदा बी ये म्हणले न्हाईत. दरसाली हंगाम संपला की मी वाट बघायचो. आज म्हणतील, उद्या म्हणतील. त्यांचं आपलं एकच, घाई करू नको. मग मी दुसरा करार करायचो."

मी त्याला बंगल्याची सगळी गोष्ट सांगितली. पांढरा सदरा, जोडलेले हात, पुणं न्हाईतर नगर. "फुटबॉल खातं!" म्हणून तो मोठ्याने हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि मग ते पाणी काही थांबेना. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मग मला कावून न्हाई म्हणले?" तो म्हणाला. "एकदा म्हणले असते ना, तर समदं सोडून दुसऱ्या दिशी आलो असतो मी."

"म्हणून तर न्हाई म्हणले, भैय्या."

तो उठला, दुखरा गुडघा सांभाळत कुरडयांपाशी जाऊन बसला आणि त्या एकेक करून पालथ्या करू लागला. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.