मुलीबरोबर आलेली बाई

कवळीताईला कवळीताई म्हणत ते तिच्या तोंडात कवळी होती म्हणून नव्हे. तिचे दात घरचेच आणि चांगले खणखणीत होते. ती कवळ्या बनवायची. एका डेंटल लॅबच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, ती वीसेक वर्षं लोकांचे दात मेणात बसवत आली होती. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचे निघायचे, साच्यांवर नंबर पडायचे आणि मग ते तिच्या टेबलावर रांगेत येऊन बसायचे. हिरडी कुठे झिजली आहे यावरून माणूस कोणत्या बाजूने चावतो हे तिला कळायचं, पण तो माणूस काही तिला कधी भेटला नाही. कवळी डबीत जायची, डबी दवाखान्यात जायची, आणि ते तोंड पुढे काय खातं, काय बोलतं, हसतं तरी का, याचा तिला पत्ता लागायचा नाही. लॅबमध्ये आणखी दोघं होते, पण पॉलिशचं मशीन असं किंचाळायचं की साधं बोलायचं तरी भांडल्यासारखं ओरडावं लागे. म्हणून कोणी बोलतच नसे.

घरच्यांच्या लेखी मात्र तिचं खरं काम वेगळंच होतं. सोबत करायची. धाकट्या भावाची परीक्षा, केंद्राबाहेर ताई. वहिनीचं बाळंतपण, हॉस्पिटलच्या बाकावर ताई. मामाचा मोतीबिंदू, आत्याची पेन्शन, पुतणीची शाळा, प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचंच, "ताईला घेऊन जा सोबतीला, ती काय, रिकामीच असते." नवरा नाही, मूलबाळ नाही, म्हणजे माणूस रिकामं, असा लोकांचा सरळ हिशेब. दिवसभर पोटासाठी खपते ती नोकरी त्या हिशेबात धरायची नसते. गावातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांच्या बाहेरचे बाक कवळीताईच्या ओळखीचे होते, आतली खोली मात्र तिने एकीचीही पाहिली नव्हती.

वडील होते तोवर तिला याचं फारसं काही वाटलं नाही. वडील रिटायर्ड पोस्टमन, पण मतं अशी की मंत्र्यांनी येऊन सल्ला घ्यावा. वाचनालयातून इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणायचे आणि ती स्वयंपाक करत असताना मोठ्याने वाचून दाखवायचे. कोणता राजा शहाणा, कोणती लढाई फुकटची, यावरून बापलेकीची रोज जुंपायची. भाजी करपायची, पण माघार कोणी घ्यायचं नाही. मग वडील गेले. त्यानंतर घरात ती जे काही बोलेल ते भिंती मुकाट्याने मान्य करू लागल्या. कवळीताईला सगळ्यांत जास्त हेच सोसलं नाही.

अर्धवट सोडलेली बारावी तिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पुरी केली ती या शांततेला कंटाळून. मार्क चांगले पडले. इतिहास शिकवणारे मास्तर म्हणाले, "विद्यापीठाच्या ऑनर्सला अर्ज करा. वयाची अट नाही. बारा जण, एक टेबल, एक प्राध्यापक. वर्षभर वाचायचं आणि वाद घालायचा." वाद घालायचा म्हटल्यावर कवळीताईचे कान टवकारले. तिने अर्ज केला आणि कोणालाही सांगितलं नाही. भावाला सांगितलं असतं तर तो हसून "या वयात?" म्हणाला असता, आणि ते हसणं तिला नापास होण्यापेक्षा जड गेलं असतं. विद्यापीठातून बोलावणं आलं: सकाळी परिसर बघायचा, दुपारी मुलाखत. मुलाखतीचा नंबरही त्यातच होता. तिने लॅबमधून रजा काढली आणि एकटीच निघाली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती, तरी तिने सवयीने पिशवी मांडीवरच धरली.

विद्यापीठाच्या दारात टेबल मांडून दोन मुलं बसली होती. गळ्यात घालायला अर्जदारांना निळं कार्ड, पालकांना पिवळं. आजूबाजूला सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं, नवे बूट, नव्या बॅगा आणि मागे काळजीने सुकलेले आईबाप. टेबलावरच्या मुलाने वर पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "काकू, कोणाबरोबर आलात?"

आता याला सरळ उत्तर होतं. पण हा प्रश्न कवळीताईला आयुष्यभर प्रत्येक दारात विचारला गेला होता, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. भावाबरोबर. वहिनीबरोबर. मामाबरोबर. जिभेला विचार करायची सवयच उरली नव्हती.

"मुलीबरोबर," ती म्हणाली.

मुलाने पिवळं कार्ड तिच्या हातात ठेवलं. चुकलं म्हणावं, तर मागे रांग ताटकळलेली. काय सांगायचं, की मला मुलगीच नाही? ती बाजूला झाली, आणि पालकांचा घोळका चालला होता त्यात मेंढरासारखी चालत एका मोठ्या खोलीत जाऊन बसली. खिडकीतून तिला निळ्या कार्डांची रांग ग्रंथालयाकडे जाताना दिसली. ते ग्रंथालय बघायचं म्हणून ती रात्रभर झोपली नव्हती. आता उठावं, मग उठावं, असं करता करता चहा आला. चहाबरोबर शेजारच्या बाई आल्या.

या बाई गोल चेहऱ्याच्या, बोलक्या, आणि मुलीच्या काळजीने अर्ध्या झालेल्या होत्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलगी भारी हुशार, पण बुजरी. "चार माणसांत तोंड उघडत नाही हो. हॉस्टेलला एकटी कशी राहील, या विचाराने मला घास जात नाही," त्या म्हणाल्या. "तुमची कशी आहे?"

कवळीताई बशीकडे बघत म्हणाली, "अबोल आहे. पण एकदा वाद घालायला लागली की थांबत नाही."

"कोणावर गेली आहे?"

"आजोबांवर."

खोटं बोलायला ती नवखी होती, पण या बाबतीत तिला फारसं खोटं बोलावंच लागलं नाही. मुलगी काय वाचते, मुलीला काय आवडतं, कुणाला घाबरते, हे बाई विचारत गेल्या आणि तिच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. कप रिकामा होईपर्यंत ती मुलगी चांगली हाडामांसाची झाली. खुद्द कवळीताईबद्दल इतकं कोणी कधी विचारलंच नव्हतं. कवळीताईला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"हॉस्टेललाच राहणार ना?" बाईंनी विचारलं.

"हो," कवळीताई म्हणाली. इथे ती खरी फसली.

"मग दोघी एका खोलीत राहू देत. देव पावला बघा मला." बाईंनी तिचा हातच धरला. फोन नंबर घेतला. आपल्या मुलीला फोन लावून तिथल्या तिथे सांगूनही टाकलं, की तुझ्यासाठी मैत्रीण शोधली आहे, अगदी चांगल्या घरातली आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि कवळीताईचा टांगणीला लागला.

दुपारी मुलाखती सुरू झाल्या. व्हरांड्यात एका बाजूला मुलं, एका बाजूला पालक, मध्ये बंद दार. शिपाई बाहेर येऊन नंबर पुकारायचा, एक पोरगं घाबरत उठायचं. एकदा त्याने नंबर पुकारला आणि कोणीच उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, आईबाप माना उंचावून शोधायला लागले की कोणाचं एवढं बेफिकीर कार्टं आहे. "तिसऱ्यांदा बोलावतोय. नाहीतर गैरहजर लावणार," शिपाई म्हणाला.

"अहो, तुमचीच तर नाही ना?" बाईंनी कळवळून विचारलं. "कुठे गेली आहे ती? फोन करा तिला."

कवळीताईला अजूनही गप्प बसता आलं असतं. संध्याकाळी घरी जायचं, उद्या खिडकीकडे पाठ करून मेण तापवायचं, कोणाला काही कळलं नसतं. कारण कोणाला काही माहीतच नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ती उठली.

"तो नंबर माझा आहे," ती बाईंना म्हणाली. "मला मुलगी नाही. चुकलं माझं."

व्हरांड्यात कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला की तिला तो बघवेना. "मग खोली?" एवढंच त्या म्हणाल्या.

आत तीन प्राध्यापक होते. मधल्या बाईंनी तिच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, "पालकांना आत येता येत नाही."

"मी पालक नाही," कवळीताई म्हणाली. "मी अर्ज केला आहे."

कागद चाळले गेले. खुर्ची पुढे आली. त्यांनी तिला बरंच काही विचारलं. काही आलं, काही नाही. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, "पदवीच हवी तर घरी बसून बाहेरून परीक्षा देता येईल. नोकरीही सांभाळता येईल. ऑनर्सच का?"

हे उत्तर तिने मास्तरांबरोबर घोकलं होतं. त्यात ध्येय होतं, जिज्ञासा होती, समाजाचं ऋणही होतं. त्यातलं काहीएक तिला आठवलं नाही.

"घरी बसून मी वाचतेच," ती म्हणाली. "पण मी एकटीच असते. वाचलं, त्यावर काही वाटलं, तर ते बरोबर की चूक हे सांगायला कोणी नाही. वडील होते तेव्हा ते माझं सगळं खोडून काढायचे. आता दोन वर्षं मी बोलते तेच खरं ठरतंय. त्याने डोकं गंजतं हो. मला अशा टेबलाशी बसायचं आहे, जिथे मला कोणीतरी चूक म्हणेल."

त्यांनी काही लिहून घेतलं आणि कळवू म्हणाले. बाहेर आली तेव्हा बाई आणि त्यांची मुलगी निघतच होत्या. मुलगी काटकुळी, जाड चष्म्याची. तिने कवळीताईकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. बाईंनी तेही केलं नाही.

महिन्याभराने निवड झाल्याचं कळलं. तिने लॅबच्या मालकांशी बोलून काम संध्याकाळचं करून घेतलं. भावाला सांगितलं तेव्हा तो खरंच हसला, आणि मग म्हणाला, "मग मामाला तपासणीला कोण नेणार?" मिठाई घेऊन कोणाकडे जावं असं घर तिला आठवेना. तिने स्वतःपुरता चहा केला, जरा जास्त साखर घालून.

त्याच आठवड्यात फोन वाजला. शिवणवाल्या बाई होत्या. आवाजात राग नव्हता, उलट गोडवा होता. त्यांच्या मुलीचीही निवड झाली होती, आणि यादीत त्यांना कवळीताईचं नाव दिसलं होतं. "झालं गेलं सोडून द्या. मी म्हटलं, तुम्ही आहात तर उलट बरंच झालं. मोठं माणूस बरोबर असलं की मला घोर नाही. तिच्याकडे जरा लक्ष ठेवा. जेवली का, कोणाशी बोलते, कुठे जाते, रोज एक फोन करत जा मला. तुम्हाला काय, तुम्ही तिथे असणारच."

कवळीताईच्या तोंडात 'हो' आलंच होतं. किती वर्षांचं वळण ते. शिवाय या बाईंना तिने फसवलं होतं, आणि 'हो' म्हटलं असतं तर फिट्टंफाट झाली असती. बाईंचा फोन रोज आला असता. रोज कोणीतरी तिच्याशी बोललं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्याशी मी खोटं बोलले ते चुकलंच. त्याची माफी मागते. पण मी तिथे शिकायला चालले आहे. ती शेजारी बसली तर मला आनंद आहे. पण तिच्यावर लक्ष ठेवायला मी येणार नाही."

मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला मूल नाही. तुम्हाला नाही कळायचं." आणि फोन बंद झाला. कवळीताईला ते बोलणं लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. पण तिला फिरून फोन लावावासा वाटला नाही.

पहिल्या दिवशी टेबलाभोवती प्राध्यापिकेची सोडून बारा खुर्च्या होत्या. काटकुळी मुलगी सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. आईने सांगितलं असणार. बाकीच्यांनी कवळीताईला आधी कर्मचारी समजून पाण्याचं विचारलं, मग ओशाळून गप्प झाले. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटी भरल्या. प्राध्यापिका बाईंनी एका जुन्या अर्जाची नक्कल वाटली. विणकरांनी कर माफ करा म्हणून राजाकडे दाद मागितली होती, आणि राजाने तो माफ केला होता. का केला असेल, बाईंनी विचारलं.

"घाबरला म्हणून," कवळीताई म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला, लॅबमधल्यासारखा. "दया नव्हे ती. विणकर गाव सोडून जातील याची भीती."

सगळे माना डोलवायला लागले. मोठ्या बाईने सांगितलं, म्हणजे असेल. इथेही तेच.

मग लांबच्या खुर्चीवरून, कागदातून डोकं वर न काढता, बारीक आवाज आला. "मला नाही पटत. घाबरलेला माणूस घासाघीस करतो. अर्धा माफ करून बघतो. याने सगळाच्या सगळा केला आहे. हे घाबरणं नाही."

कवळीताईने पुन्हा कागद पाहिला. मुलीचं बरोबर होतं. निदान तिच्या म्हणण्याला झटकन उत्तर नव्हतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तास संपला. मुलगी बॅग उचलून तिच्या शेजारून निघून गेली, ओळख न दाखवता. बाकीचे आपापल्या घोळक्याने गेले. कवळीताई एकटीच बसने लॅबला गेली, मशीनच्या किंचाळण्यात तिने चार जबडे पुरे केले आणि अंधार पडल्यावर घरी आली. कुलूप काढताना तिला अचानक उत्तर सुचलं. चांगलं बिनतोड उत्तर. ते उद्यापर्यंत जपून ठेवायचं होतं, आणि त्या मुलीलाच द्यायचं होतं.