धुक्यातलं वाचन

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा मला वाचता येत होतं, पण वाचायला काही नव्हतं. तळेगावच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. माझे यजमान रेल्वेत, विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. पाळी असेल तसे कधी पहाटे, कधी दुपारी कामावर जायचे. घरात एक पंचांग होतं आणि किराण्याच्या पुड्या सोडल्या की वर्तमानपत्राचे तुकडे मिळायचे. ते तुकडे मी तळहातानं सरळ करून वाचायची. कुठल्या तरी सभेतलं अर्धं भाषण, केसांच्या तेलाची जाहिरात, मध्येच तुटलेली बातमी. तुटलेल्या ठिकाणी पुढं काय झालं असेल, याचा विचार करत भाकरी थापायची.

आमच्या दोन खोल्यांच्या मागं मेंदीचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं एक छोटा कौलारू बंगला. तिथं एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. सकाळी एक कामवाली येऊन स्वयंपाक करून जायची, बाकी दिवसभर बंगल्यातून आवाज म्हणून यायचा नाही. एका दुपारी मी मागच्या पायरीवर बसून असाच एक तुकडा मोठ्यानं वाचत होते. मला मनात वाचता यायचंच नाही. शाळेत सगळ्या मुली मिळून ओरडून वाचायचो, तीच सवय राहिली होती. वाचता वाचता थांबले तर कुंपणापलीकडून आवाज आला, "पुढे वाच ना."

मी दचकले. "पुढं फाटलंय," म्हटलं.

"मग इकडे ये. माझ्याकडे न फाटलेलं आहे."

मी पदर सावरून गेले. बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. माझ्याकडे चेहरा होता, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं गेलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या यजमानांचा पुण्याला छापखाना होता. छापखान्यात जे जे पुस्तक छापलं जाई त्याची एक प्रत ते घरी आणत. ते गेल्यावर छापखाना विकला, आणि बाई ते सगळं एका मोठ्या शिसवी कपाटात भरून हवेसाठी लोणावळ्याला येऊन राहिल्या. पण वाचायला निवांतपणा मिळाला तेव्हा डोळ्यांनी साथ सोडली.

त्यांना मी मावशी म्हणू लागले. रोज दुपारची भांडी झाली की मी जायची. त्या म्हणाल्या, "वरच्या फळीपासून सुरुवात कर. हाताला येईल ते वाचायचं. आवडीनिवडी नंतर."

हाताला पहिलं काय यावं, तर जनावरांच्या रोगांवरचं पुस्तक. लाळ, खुरकत, पोटफुगी. माझा आवाज जोडाक्षराशी अडखळत होता. मावशी मात्र डोळे मिटून अशा ऐकत होत्या, जणू गाणं चाललंय. ते संपलं तेव्हा मला वाटलं, आता तरी एखादी गोष्ट निघेल. निघालं ते डोंगर कसे झाले यावरचं पुस्तक.

ते पुस्तक मी कंटाळत सुरू केलं. श्रावण होता. लोणावळ्याचं धुकं व्हरांड्यात शिरून आमच्या मधोमध बसायचं. समोरचं फाटक दिसायचं नाही, उघड्या कपाटासमोर शेगडी ठेवून ऊब दिल्याशिवाय दमट पानं सुटायची नाहीत. त्या पुस्तकात लिहिलं होतं की आपले हे सगळे डोंगर कधीकाळी रस होते. तापलेला, वाहणारा दगडाचा रस, जमिनीच्या भेगांतून वर आलेला, थरावर थर पसरून निवलेला. मी वाचता वाचता थांबले. "मावशी, म्हणजे लोहगडसुद्धा?"

"लोहगड, विसापूर, हा आपला घाट, तू बसली आहेस ती फरशीसुद्धा."

मी फरशीवर हात ठेवला. गार होती. त्या दिवशी घरी परत येताना धुक्यात पायाखालची वाट दिसत नव्हती, आणि मला वाटत होतं की सगळं अजून वाहतंच आहे, आपणच हळू चालत असल्यामुळं कळत नाही. आमटी करतानाही मन तिथंच. यजमान म्हणाले, "आज मीठ नाही." मी म्हटलं, "आपला डोंगर पूर्वी आमटीसारखा होता." त्यांनी उठून मीठ घेतलं.

पुढं काय काय वाचलं! ग्रहताऱ्यांचं पुस्तक वाचलं, तेव्हा कित्येक दिवस आभाळात एक तारा दिसला नव्हता. न दिसणाऱ्या आभाळाबद्दल वाचायची मजा वेगळीच होती. पाकशास्त्राचं वाचलं, त्यात केशर आणि पिस्ते घातल्याशिवाय एकही पदार्थ होत नव्हता. आम्ही दोघींनी ते भाजलेली मक्याची कणसं खात वाचलं. नाटक आलं तेव्हा मला कळेना की कोणाचं बोलणं कसं वाचायचं. मावशी म्हणाल्या, "प्रत्येकाला वेगळा आवाज दे." मी लाजत लाजत राजाला भरदार आणि दासीला किनरा आवाज दिला. दुसऱ्या अंकापर्यंत लाज कुठं गेली कळलं नाही. कवितांचं पुस्तक आलं तेव्हा मी म्हटलं, यातलं मला काही समजत नाही. त्या म्हणाल्या, "समजायची घाई करू नकोस. नुसतं कानावर पडू दे." मी तसंच केलं. नंतर विहिरीवर पाणी ओढताना एखादी ओळ आपोआप तोंडात यायची, आणि पोहऱ्याबरोबर तिचा अर्थही हळूहळू वर यायचा.

आणि एक पुस्तक एका बाईनं लिहिलेलं निघालं. तिच्या स्वतःच्या संसाराबद्दल. चूल, बाळंतपणं, नवऱ्याचा राग, शिकायची हौस. मी पान मिटून विचारलं, "मावशी, ही कोणी राणी होती का?"

"नाही गं. तुझ्या-माझ्यासारखीच."

"मग तिचं पुस्तक का झालं?"

"कारण ती लिहायला बसली," मावशी म्हणाल्या. हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

भाद्रपदात सासूबाई सुदुंबऱ्याहून आमच्याकडे आल्या. गावाकडं शेती होती, भात पोटरीत यायला अवकाश होता, म्हणून मुलाचा संसार बघायला आल्या. दुपारी मी निघाले की विचारायच्या, "रोज कुटं जातीस गं?"

"वाचायला."

"वाचून काय करतीस?"

मी पदर खोचून निघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या माझ्या मागोमाग आल्या, डोक्यावर इरलं घेऊन, आणि व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. मावशींना पावलांचा आवाज कळला. "कोण आहे?"

"माझ्या सासूबाई आहेत."

"मग पायरीवर का? विहीणबाई, वर या. तुमची सून माझी भाची आहे, तेव्हा हा मान तुमचाच."

सासूबाई वर आल्या, पण भिंतीला टेकून, अंग चोरून बसल्या. त्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक चालू होतं. थोड्या वेळानं त्यांनी मोठी जांभई दिली आणि म्हणाल्या, "ह्यात कुणाचं काय व्हतं का न्हाई?"

मावशी इतक्या हसल्या की खुर्ची करकरली. म्हणाल्या, "बाळ, सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या रांगेत बघ. तिथे चोरीमारीच्या गोष्टी असतील. यजमान छापायचे, पण मी कधी उघडून बघितल्या नाहीत. ते वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असं मला वाटायचं."

खालच्या फळीवरून मी एक जाड, स्वस्त कागदाचं पुस्तक काढलं. एका सावकाराच्या बंद खोलीतून रत्नहार नाहीसा होतो आणि एक गुप्त पोलीस तो शोधायला येतो, अशी ती गोष्ट होती. पहिलं प्रकरण संपेपर्यंत सासूबाई भिंतीपासून सुटून चटईच्या मधोमध आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी त्याच तयार. "चल बिगीबिगी. त्यो स्वयंपाकी लबाड हाय, म्या तवाच वळखलं."

"स्वयंपाकी नाही," मावशी कुंपणापलीकडून, व्हरांड्यातूनच म्हणाल्या, "पुतण्या. मी रात्रभर विचार केलाय."

"पुतण्या कसा? त्यो तर गावाला गेलता."

"गेला होता असं तो सांगतो, विहीणबाई. बघितलं कोणी?"

सासूबाईंनी मला वाचायची खूण केली. मी वाचू लागले की दोघी गप्प, आणि पान उलटताना दोघींचे श्वास एकदम सुटायचे. चोर निघाला सावकार स्वतःच. सासूबाईंनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "आपलंच आपन चोरलं. असं बी असतं मानसाचं." आणि मावशी म्हणाल्या, "मी इतकी वर्षं ही फळी उगाच बंद ठेवली."

त्यानंतर आमचा क्रमच बदलला. थोडं मावशींचं, थोडं सासूबाईंचं. जनावरांच्या रोगांचं पुस्तक सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं आणि दर पानाला "व्हय", "न्हाई", "आमी तसं न्हाई करत" असा शेरा दिला. एकदा तर त्यांनी कवितेच्या मध्ये मला थांबवून विचारलं, "ही ओळ पुन्यांदा म्हन." मी म्हटली. पुन्हा म्हटली. त्या धुक्याकडं बघत बसल्या. कशाची आठवण झाली, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कवितेचं असं असतं, हे तेव्हा मला कळलं. गुप्त पोलिसाच्या गोष्टीत शेवटी सगळं उलगडायलाच हवं, आणि इथं न उलगडलेलंच बरं. प्रत्येक पुस्तकाकडं वेगळ्या अपेक्षेनं जायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. त्या दोघींमध्ये बसून ते अंगात मुरलं.

दसऱ्याच्या सुमारास मावशींचे भाचे त्यांना पुण्याला घेऊन गेले. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "पानांना ऊब देत जा. आणि वाचत राहा."

मी रोज जायची, कपाट उघडायची, शेगडी ठेवायची. पण ऐकायला मावशी नाहीत, सासूबाई भातासाठी गावी गेलेल्या. रिकाम्या व्हरांड्यात मोठ्यानं वाचायला लागले तर माझाच आवाज मला परका वाटला. मी थांबले. ओठ मिटले आणि नुसती नजर ओळीवरून नेली. पहिल्यांदा काहीच झालं नाही, अक्षरं नुसती काळी राहिली. मग कधीतरी, कसं ते सांगता येत नाही, आतून कोणीतरी वाचू लागलं. तो आवाज माझा नव्हता, मावशींचाही नव्हता. उन्हं आली होती, धुकं विरळ होऊन दरीत उतरत होतं, खालून घाट चढणाऱ्या गाडीचा घरघराट येत होता, आणि मी पुस्तकातल्या एका माणसाबरोबर जहाजात बसून आफ्रिकेच्या किनाऱ्याला निघाले होते. मान वर केली तेव्हा ऊन पायरीवरून उतरून गेलं होतं. तेवढा वेळ मी कुठं होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मावशी परत आल्या त्या जाड भिंगांचा चष्मा लावून. फाटकापासून त्यांनी मला हाक मारली आणि जवळ येऊन माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. "अगं, तू केवढी लहान आहेस! आवाजावरून मला वाटलं होतं, चांगली पोक्त बाई असशील."

मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. आता त्यांना माझी गरज उरली नव्हती. झालंही तसंच. त्या आपापल्या वाचायच्या, मी माझी माझी. एकाच व्हरांड्यात, समोरासमोर, तासन्‌तास न बोलता. सुरुवातीला मला ते सुनं वाटायचं. मग एकदा त्या वाचताना स्वतःशीच हसल्या, आणि मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी तो तुकडा मला वाचून दाखवला. त्यांचा वाचण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, आणि मजेच्या जागी थोडा थांबायचा. त्यानंतर आमची ती रीतच पडली. आवडलेलं तेवढं एकमेकींना वाचून दाखवायचं.

पौषात सासूबाईंचा निरोप आला, पोरीला चार दिवस गावी धाड, आणि येताना एक पुस्तक आण म्हणावं. मी मावशींना विचारलं, कुठलं नेऊ? त्यांनी सगळं कपाट नजरेनं चाळलं. आता त्यांना ते करता येत होतं. "ते जहाजाचं ने," म्हणाल्या.

सुदुंबऱ्याला मळणी झाली होती. दुपारच्या भाकरीनंतर खळ्यावर पेंढ्याला टेकून बायका बसल्या. घरच्या, शेजारच्या, आणि मळणीला डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या. सासूबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "माझी सून वाचती. आवाज काडून वाचती, ऐका."

मी वाचू लागले. बंदर सुटलं, किनारा बारीक होत गेला, मग चहूबाजूंनी पाणी. त्यातल्या एकीनंही समुद्र बघितलेला नव्हता. मीही नव्हता. कोणीतरी पेंढ्याची काडी चावत होतं, ते चावणं थांबलं. एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं, तिच्या हातातला माश्या वारायचा पंखा तसाच हवेत राहिला. जहाज जिथं पहिल्यांदा वादळात सापडतं तिथं मी पान उलटायला थांबले.

वाडीवरची एक म्हातारी पुढं सरकली. "पोरी," ती म्हणाली, "समुद्राला पल्याडचा काठ असतो का?"

"असतो, आजी."

"मंग त्यो दिसत का न्हाई?"

"लय लांब असतो."

तिनं समोर बघितलं. कापलेल्या खाचरांपलीकडं डोंगरांची निळी रांग होती, दुपारच्या उन्हात पाण्यासारखी हलत होती. "हां," ती म्हणाली, "लांब असंल तर न्हाई दिसत. वाच म्होरं."

मी पुढं वाचू लागले.