पेशंट सात

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं स्टोअरच्या कॉम्प्युटरवर होते. तिथून सुटायचं म्हणून मुलाखती देत होते. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, पिंपळे सौदागरमधल्या एका कंपनीचं बोलावणं आलं.

मुलाखत घेणारे सर माझ्याहून थोडेच मोठे होते. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"हा पेशंट सात. सॉफ्टवेअर ह्याला डिस्चार्ज देत नाही. कुठं अडतंय ते शोधा. माहिती सगळी खोटी आहे, बिनधास्त काहीही दाबा."

आणि ते बाहेर गेले.

वय एकसष्ट. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेलेली. आमच्या भागात अशी माणसं पुष्कळ, म्हणून मी पुढं वाचत गेले. मग नर्सची नोंद आली: 'पेशंट सारखा विचारतो, कंपनीची बस गेली का.'

तेव्हा वडलांना जाऊन तीन वर्षं झाली होती. रिटायर झालेला माणूस, पण हॉस्पिटलात शेवटचे तीन दिवस तो एवढंच विचारत होता. मी दर वेळी सांगायचे, "नाही गेली अजून. पडा तुम्ही."

नोंदी तिथंच संपायला हव्या होत्या. संपल्या नव्हत्या. ते गेले त्यानंतर आठ महिन्यांनी नाडी बहात्तर. मग 'जेवण अर्धं'. मग 'झोप शांत'. शेवटची नोंद कालची होती: 'पेशंट बरा आहे.'

मुलाखतीला येणारा प्रत्येक जण काहीबाही भरून बघत असणार, हे मला कळत होतं. तरी मी मागं वळून रिकाम्या खोलीकडं बघितलं.

अडचण लगेच सापडली. मृत्यूची वेळ भरलेली होती, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ती बरोबर होती. पण त्यानंतरही नोंदी असल्यामुळं सॉफ्टवेअर त्यांना सोडत नव्हतं. त्या पुसल्या की झालं. मी नाडीच्या नोंदीवर बोट नेलं, पण पुसवेना.

सर परत आले. मी कारण सांगितलं.

"बरोबर. मग पुसल्या का नाहीत?"

"सर, हे माझे वडील आहेत."

ते आधी हसले. मग माझ्याकडं बघून खुर्चीत बसले. "एका हॉस्पिटलची जुनी माहिती नावं काढून घेतली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटलं, कोण ओळखणार. काढून टाकू?"

"आज नको," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला एकदा दाखवशील?" तिनं विचारलं.

आठवड्यानं फोन आला, नोकरी मिळाली होती. रुजू झाले त्या सकाळी मी आधी ती यादी उघडली. सरांनी खऱ्या पेशंटची सगळी माहिती काढून टाकली होती, बनावट तेवढी ठेवली होती. योग्यच केलं होतं. सहानंतर थेट आठ होता.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. जेवताना ती मधूनच विचारते, "कसे आहेत?"

मी काहीतरी सांगते.