वजा चिन्हाची ऊब

बिबट्या सोडला तर आमच्या जुन्नर तालुक्यात मी कशालाच भीत नाही. भूतबीत, बाहेरचं, कुणीतरी दिसलं... असल्या गप्पा निघाल्या की मी चहा संपवून उठणाऱ्यातला. आजही मला त्या पटतात असं नाही. निमगाव सावा या गावी जे बघितलं तेवढं सांगतो — बघा, तुम्हाला काही सुचतंय का.

आधी धंदा सांगावा लागेल. नारायणगावच्या बाहेर आमचं एक पत्र्याचं शेड आहे. कंपनी म्हणायची पद्धत, बाकी मी आणि सलीम. मी पिंपळवंडीचा, इंजिनीअर. तो जुन्नरचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचं आणि कल्हईचं काम. भट्टीची, चिमणीची जी उष्णता फुकट हवेत जाते तिच्यापासून वीज करायची, हे आमचं काम. त्यासाठी बिस्किटाएवढ्या प्लेटा येतात. प्लेटची एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की वीज मिळते. आतली, म्हणजे भट्टीकडची बाजू गरम असेल तर आकडा सरळ दिसतो, बाहेरची गरम असेल तर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह येतं. एवढं लक्षात ठेवा, बाकी शास्त्र गेलं चुलीत.

सलीमची एक खोड होती. टेस्टिंगला चांगलं मशीन आणलेलं, तरी हा प्रत्येक प्लेटवर आपला तळहात टेकवायचा. आकडा चढेपर्यंत थांबायचा, मग पुढची प्लेट. तेही उजवीकडून डावीकडे, लहानपणी मदरशात अलिफ-बे गिरवलं तसं.

"कुंडली बघतोस काय प्लेटांची?" मी चिडवायचो.

"राव, मानसाच्या हाताची ऊब कळंना तिला, तर चुलीची काय डोंबल कळनार?"

आमचं पहिलं काम निमगाव सावाला, दत्तूभाऊंच्या गुऱ्हाळावर. रस आटवायच्या काहिलीखाली चिपाडं जळतात त्या चुलवाणाच्या चिमणीला आम्ही चार प्लेटा बसवल्या. त्यांच्या विजेवर जाळाला वारा देणारा पंखा फिरायचा. बाहेर बॅटरीवरचा एक डबा, त्यावर चार प्लेटांचे चार आकडे. पूर्ण हंगाम पंखा फिरला आणि सलीमने अख्ख्या बाजारपेठेला गूळ वाटला.

उन्हाळ्यात सलीम गेला. सकाळी चहा पिता पिता, हार्टचा झटका. मी पोचलो तेव्हा त्याची बायको, शबाना भाभी, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, बघून घ्या." मी त्याचा हात हातात घेतला. गार होता. तो गारठा माझ्या तळहातातून नंतर गेलाच नाही. चहाचा पेला धरला तरी समजायचं नाही तो गरम आहे ते. कब्रस्तानात माती दिली, घरी आलो, जेवलो. आमटीत मीठच नाही म्हणून बायको उठली, तोवर माझी अर्धी वाटी संपली होती. रडू आलं नाही. लोक म्हणायचे, घट्ट आहे गडी. घट्टबिट्ट काही नाही, आत काही हलतच नव्हतं.

शेड उघडायचो, खुर्चीत बसायचो, कुलूप लावून यायचो. शेवटी बंद करायचं ठरवलं. भाभींना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "त्यांचा लई जीव व्हता शेडवर. पर तुमी म्हनाल तसं." मला त्याचंही काही वाटलं नाही.

श्रावणात दत्तूभाऊंचा फोन आला. "भाऊ, चुलवाण थंड हाय आन् डब्यावर आकडे हलत्यात. आमी कुनी हात लावला नाय. तुमचं सामान सोडवून न्या राव."

मी नट खोलायचे पाने घेऊन गेलो. भरदुपार, पण आभाळ गच्च, ऊन नाहीच. गुऱ्हाळ पावसाळ्यापासून बंद. चुलवाणात राख ओली, तिच्यावर मांजर झोपलेलं. अशा वेळी चारही आकडे शून्य हवेत, आणि होतेही. मी पाना लावून पहिला नट सैल केला.

तेवढ्यात उजवीकडचा आकडा चढला. वजा चिन्हासकट. चढला, थांबला, उतरला. मग त्याच्या डावीकडचा. मग त्याच्या. मग शेवटचा. थोडा वेळ शून्य... आणि परत उजवीकडून सुरू.

"बगितलं?" दत्तूभाऊ लांबूनच म्हणाले.

ओल धरली असेल म्हणून डबा उघडून पुसला. वायरी काढून माझा मीटर थेट प्लेटांना लावून बघितला. तेच. वजा, म्हणजे बाहेरची बाजू गरम. बाहेर चिमणीपाशी तर मी सोडून कुणीच नव्हतं, आणि मी अजून प्लेटला हात लावला नव्हता.

मग मीटर डावीकडच्या शेवटच्या प्लेटला लावून ठेवला आणि तिची पाळी यायची वाट बघितली. आकडा चढला तसा माझा तळहात तिच्यावर टेकवला. हात लागला की आकडा वाढायलाच हवा. तो जराही हलला नाही. तिथे आधीच एक हात असेल आणि माझा त्याच्यावर पडला असेल, तरच असं होतं. माझ्या तळहाताला काहीच जाणवत नव्हतं, ना गरम ना गार. मी तसाच उभा राहिलो. हळूहळू आकडा उतरला, मी हात काढला तसा शून्यावर आला आणि परत चढला नाही. तेव्हा मात्र माझ्या हाताला चिमणीचा पत्रा गार लागला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मला एखादी वस्तू गार लागली.

सैल केलेला नट परत आवळला. दत्तूभाऊंना म्हटलं, राहू द्या.

ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, मीटर खराब असेल. तोच मीटर मी आजही वापरतो, कुठे चुकत नाही. दत्तूभाऊ म्हणतात, नंतर आकडे कधी हलले नाहीत. शेड चालू आहे. प्लेटा मी हातानेच तपासतो, उजवीकडून.

भाभींना सांगावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. एकदा सांगितलं. मला वाटलं रागावतील, नाहीतर घाबरतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"हात गरम व्हता का, भाऊ?"

मला तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं. पण वजाचं चिन्ह मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"होय भाभी, गरम होता," मी म्हणालो, आणि त्यांच्या दारातच मला रडू फुटलं.