फुंक्याने रोखलेला श्वास

आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला सगळे फुंक्या म्हणतात. चहा असो की तापलेलं सोल्डर, फुंकर मारल्याशिवाय याला चैनच पडत नाही. त्या दिवशी मात्र त्याने श्वास रोखून धरला होता.

समोर भाचीचा जुना टॅबलेट उघडा पडला होता. पोरगी जन्मापासून मुकी. स्क्रीनवरच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तिच्या वतीने बोलतो. ते अ‍ॅप त्यातल्या जुन्या प्रोसेसर चिपवरच चालतं, नव्या टॅबलेटवर उघडतसुद्धा नाही. सकाळी त्याच चिपखालचे सोल्डरचे टाके सुटले आणि टॅबलेट बंद पडला.

त्याने गरम हवेचा झोत देऊन चिपखालचं सोल्डर वितळवलं. आता ते आपोआप निवू द्यायचं होतं. फुंकर बसली तर चिप जागची हलणार आणि खेळ खलास.

"फुंकशील हं!" पोरीची आई, म्हणजे त्याची ताई, म्हणाली.

"गप गं, आधीच माझे हातपाय गार पडलेत."

त्याने ओठ दातांखाली दाबले. घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तरी हा हलला नाही. भाची त्याच्या स्टुलाला चिकटून उभी होती.

चिप निवल्यावर त्याने बटण दाबलं. स्क्रीन काळीच! मग ती हळूहळू उजळली, आणि त्याने असा श्वास सोडला की टेबलावरचे स्क्रू उडाले.

भाचीने टॅबलेट हिसकावून घेतला आणि एकाच चित्रावर बोट दाबत सुटली.

"मला भीती वाटतेय. मला भीती वाटतेय. मला भीती वाटतेय."

आणि या शहाण्याला वाटत होतं, सकाळपासून घाबरलाय तो एकटाच.